विश्लेषण : पट्टीच्या पोहणाऱ्यानेही स्कूबाचे साहित्य जपून का निवडावे?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडमध्ये नदी उशालाच आहे. अशा गावातल्या पोहणाऱ्याला मालवण-तारकर्लीचे स्कूबा सोपे वाटणे साहजिक आहे. एक-दोनदा समुद्राखाली गेल्यावर स्वतःचे साहित्य घेण्याचा मोहही होतो. मात्र, या खरेदीचा क्रम चुकला तर पैसे वाया जातात आणि जीवही धोक्यात येतो.

पोहता येते, मग अडचण काय?

नदीत बुडी मारणारा श्वास रोखून धरतो. स्कूबात नेमके तेच करायचे नसते. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटरवर सिलिंडरमधून घेतलेली हवा छातीत कोंडून वर आल्यास तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला खर्च प्रशिक्षणावर करावा. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षकाने धरून घडवलेली पर्यटकांची सफर म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

आधी काय विकत घ्यावे?

मास्क. पोहण्याचा साधा गॉगल येथे चालत नाही. त्यात नाक बाहेर राहते आणि खोलीवर डोळ्यांवर येणारा दाब नाकातून हवा सोडून सारखा करता येत नाही. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. तो हात सोडूनही चिकटून राहिला, तर माप बरोबर. भरघोस मिशा असतील तर कडेने पाणी झिरपू शकते. काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनच्या असाव्यात. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचा बसवता येतात. त्यानंतर पायाला न काचणारे फिन्स घ्यावेत.

भाड्याने काय घ्यावे?

रेग्युलेटर, बीसीडी (हवा भरून तरंगणे-बुडणे सांभाळणारे जाकीट) आणि सिलिंडर. रेग्युलेटरची नियमित सर्व्हिसिंग लागते, सिलिंडरची ठरावीक काळाने दाबचाचणी करावी लागते. वर्षातून एक-दोनदा समुद्रावर जाणाऱ्याने हा व्याप घरी आणू नये. भाड्याचे साहित्य घेताना मात्र चार गोष्टी पाहाव्यात : दाबमापक साधारण 200 बार दाखवतो का, श्वास घेताना काटा थरथरतो का, जोडीदारासाठी दुसरे मुखनळकांडे आहे का आणि बीसीडी फुगवल्यावर हवा गळते का. या प्रश्नांनी दुकानदार वैतागला, तर तेथे बुडी न मारलेलीच बरी.

परतीच्या प्रवासाचा काय संबंध?

खोलीवर शरीरात नायट्रोजन विरघळतो. डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळेवरून त्याचा हिशेब ठेवतो. नियमित बुड्या मारणाऱ्याने मास्क-फिन्सनंतर हेच यंत्र घ्यावे. मालवणहून कोल्हापूरकडे येताना घाट चढावा लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. दिवसभर अनेक बुड्या मारून लगेच घाट चढू नये. किती थांबायचे, हे प्रशिक्षकाला विचारावे.

हे साहित्य महापुरात चालेल का?

नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शिरोळ तालुक्याला वेढले होते. गढूळ पाण्यात मास्कमधून काही दिसत नाही. वाहत्या झाडांत आणि तारांत सिलिंडर, नळ्या अडकतात. कमरेचे वजन माणसाला खाली ओढते. बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील, याची खात्री ते देत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून अनेकांचा बळी गेला. पुराच्या पाण्यात पोहण्याच्या कसबावर विसंबता येत नाही, हे तेव्हा पुन्हा दिसले.

त्यामुळे नदीकाठच्या घराने यादी उलटी करावी. प्रत्येकाच्या वजनाला बसणारे, मानेमागे आधार देणारे आणि शिट्टी असलेले लाइफ जॅकेट आधी, मास्क नंतर. समुद्राची सफर पुढच्या वर्षीही करता येते. पुराचे पाणी मात्र विचारून येत नाही.