बुस्तेलो की पिलोन?

आम्ही बेळगावचे. फिल्टर कॉफीत चिकोरी किती, यावरून आमच्या घरात अबोले झालेत! मायामीला लेकीकडे गेले, तर क्युबन शेजारणींचा वाद तसाच: बुस्तेलो की पिलोन? अहो, २०११ पासून दोन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीच्या. बुस्तेलो तर १९२८ ची, न्यूयॉर्कात जन्मलेली. मग त्यात क्युबा कुठाय? मोका पॉटमधल्या पहिल्या थेंबांत साखर फेटून फेस काढणाऱ्या आजीच्या हातात. फेटताना ती नातवाशी स्पॅनिशच बोलते. आणि आपण? पुडा 'आपल्याकडचाच' हवा म्हणून हटून बसतो, नातवंडांशी मात्र इंग्रजी फाडतो. मीही त्यातलीच. पुडा कुठलाही आणा हो! पण कप देताना "घे रे सोन्या, भाजेल हं" एवढं तरी मराठीत म्हणा.