शौर्याची नियमावली

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातले शौर्याचे सर्वोच्च पदक. धातूच्या भावाने पाहिले तर मोडीत काढून फारसे काही हाती येणार नाही, कारण तो साध्या ब्राँझचा क्रूस आहे. सेवास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफा वितळवून तो करतात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुढे तपासणी झाली तेव्हा त्यात चिनी तोफांचाही धातू निघाला. धातू कुठलाही असो, मान मोठा. पण तो मान कोणाला द्यायचा, हे शौर्याइतकेच नियमही ठरवतात, आणि पदकाचा खरा इतिहास या नियमांत दडलेला आहे.

क्रिमियन युद्धाच्या अखेरीस, २९ जानेवारी १८५६ रोजी राणी व्हिक्टोरियाने हे पदक सुरू केले. तोवर मोठे सन्मान वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत. नव्या पदकाने हुद्दा बाजूला ठेवला; अधिकारी असो वा साधा शिपाई, क्रूस एकच. त्यावर 'शूरांसाठी' असे शब्द कोरण्याचे घाटत होते. राणीला ते पटले नाही. म्हणजे ज्यांना पदक मिळाले नाही ते शूर नव्हते की काय? म्हणून 'शौर्याबद्दल' असे शब्द आले. त्या एका दुरुस्तीत राणीने पदकाची मर्यादा ओळखली होती, असे मला वाटते.

पण नियमांची मर्यादा तिच्याही नजरेतून सुटली. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये तिने पहिल्या ६२ जणांना पदके दिली, तेव्हा इकडे हिंदुस्थानात उठाव पेटला होता. त्या उठावातल्या लढायांसाठी दीडशेहून अधिक व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांच्याच बाजूने, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढलेल्या हिंदी शिपायाला मात्र एकही नाही. त्याच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये काढलेले वेगळे 'ऑर्डर ऑफ मेरिट' होते. त्याबरोबर पगारवाढ मिळे, पण पंगत वेगळीच.

दुसरी अट जगण्याची. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. निवृत्तिवेतनाच्या रांगेत माजी सैनिक हयातीचा दाखला घेऊन उभे असत. व्हिक्टोरिया क्रॉसलाही सुरुवातीला जणू असाच दाखला जोडावा लागे. लढता लढता मेलेल्याविषयी, 'तो वाचला असता तर त्याची शिफारस झाली असती,' एवढी नोंद सरकारी राजपत्रात होई, बस. १८७९ च्या झुलू युद्धात पलटणीचे निशाण वाचवताना मेलविल आणि कॉगहिल हे दोन तरुण अधिकारी पडले. त्यांचे पदक घरी आले ते १९०७ साली. मरणोत्तर पदकाचा नियम स्पष्ट शब्दांत लिहिला गेला तो तर १९२० मध्ये. हिंदी सैनिकांना दार उघडले १९११ च्या दिल्ली दरबारात. तीनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी, बेल्जियममध्ये खुदादाद खान यांनी दाखवलेल्या पराक्रमाला ते पदक मिळाले.

आता बँकेतल्या सवयीने एक अर्ज या नियमांवर तपासून पाहू. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचे खोरे. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. ते सोडून सगळे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना संपवले. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. वय अवघे बावीस. पदक व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या विधवा पत्नीने घेतले.

हाच पराक्रम पन्नास वर्षे आधी घडला असता तर? अर्ज दोनदा नामंजूर झाला असता: एकदा हिंदी म्हणून, एकदा मृत म्हणून. माणूस तोच, छाती तीच. आड आला असता तो कागद. एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची ठाणी उडवणारे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांचीही गत निराळी झाली नसती.

हे पदक परक्या राज्याचे होते, हे मी विसरत नाही. पण पंगतीचा भेद ब्रिटिशांनी आपल्या माणसांतही पाळला. खालच्या पायरीवर अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला मिलिटरी मेडल. तेच धाडस, पण पदक हुद्द्याप्रमाणे. हा भेद गेला तो १९९३ साली! आपले परमवीर चक्र १९५० मध्ये आले ते पहिल्या दिवसापासून सर्व हुद्द्यांसाठी, मरणोत्तरही. त्याचा आराखडा करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या. आपण त्या पदकासाठी कोणाचा जन्म पाहिला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही कोणीतरी पाहावे लागते आणि कोणीतरी लिहावे लागते, तेव्हाच पदक मिळते. दरवर्षी २६ जानेवारीला पदकांची यादी वाचताना तिच्यातल्या नावांना नमस्कार करावा. आणि ज्यांचे शौर्य पाहणारा कोणी जिवंत उरला नाही, त्यांनाही.