विमा व्हिसासाठी की अम्मीसाठी?

माझी बहीण जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिच्या बाळंतपणासाठी अम्मीला चिपळूणहून तिकडे पाठवायचे ठरले. घरात इंजिनिअर मीच, त्यामुळे व्हिसाचे कागद माझ्या गळ्यात पडले. मी ऑफिसातल्या कामासारखी यादी केली आणि एकेका ओळीवर खूण करत गेलो. दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट, परतीनंतरही तीन महिने मुदत, दोन कोरी पाने. 90 युरो फी. मेहुण्यांचे हमीपत्र. 30 हजार युरोंचा, म्हणजे सुमारे 30 लाख रुपयांचा, वैद्यकीय विमा. सगळ्यांवर खूण झाली. व्हिसा मिळाला.

तिसऱ्या आठवड्यात अम्मीच्या छातीत दुखू लागले. बहिणीने 112 ला फोन केला. रुग्णवाहिका आली, उपचार लगेच सुरू झाले. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. दोन रात्रींनी अम्मी घरी आली. बिल विमा कंपनीकडे गेले आणि नकार घेऊन परत आले: रुग्णाला आधीपासून मधुमेह व रक्तदाब, अर्जात उल्लेख नाही.

उल्लेख नव्हता, कारण मी तो केला नव्हता. एजंट म्हणाला होता, "शुगर-बीपी लिहू नका साहेब, प्रीमियम वाढेल. हा विमा व्हिसापुरताच असतो, वाचतंय कोण?" मी सही केली. चूक माझी आहे. पण ती एकट्या माझी आहे, असे मी मानत नाही.

नियम काय आहे ते पाहा. शेंगेन व्हिसासाठी विम्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील खर्च, आजारी माणसाला मायदेशी पोहोचवणे आणि मृत्यू यांचा समावेश हवा, आणि तो सर्व शेंगेन देशांत चालला पाहिजे. कागदावर उत्तम. पण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला परदेशात इस्पितळात जावे लागते ते बहुधा जुन्या दुखण्यामुळेच, आणि अनेक स्वस्त पॉलिसी नेमके तेच वगळतात, किंवा जिवावर बेतले तरच थोडकी रक्कम देतात. 30 हजार युरो ठळक अक्षरांत, वगळलेले आजार आतल्या पानावर बारीक इंग्रजीत. आमच्या धंद्यात याला वाईट टेस्ट म्हणतात: रकाना भरला आहे का एवढेच ती बघते, आत काय भरले आहे ते बघत नाही.

त्यात मेहुण्यांचे हमीपत्र. जर्मनीच्या निवास कायद्यानुसार अशी हमी देणाऱ्याकडून पाहुण्यावर झालेला सरकारी खर्च, आजारपणाचासुद्धा, वसूल करता येतो. म्हणजे सरकारने स्वतःला दोन बाजूंनी सुरक्षित केले, कंपनीने अटींनी केले, एजंटला कमिशन मिळाले. उघड्यावर कोण राहिले? अम्मी, आणि तान्हे मूल मांडीवर घेऊन बिलाचे हप्ते मोजणारी बहीण.

कोणी म्हणेल, खोटे तुम्ही लिहिलेत, मग ओरड कसली? बरोबर. शुक्रवारी खुतब्यात सच्चाईबद्दल ऐकायचे आणि शनिवारी फॉर्मवर "कोणताही आजार नाही" लिहायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. वर आणखी एक पळवाट: विमा मुळात जायज आहे की नाही, म्हणून नाइलाजाने, सर्वांत स्वस्त काढायचा आणि वाचायचा नाही. मतभेद असतील तर जरूर असू देत. पण पैसे भरून सही करणार असाल, तर न वाचता सही करण्याला कुठल्याही मताचा आधार नाही. मात्र माझ्या खोट्याने त्यांचा नियम खरा होत नाही. खरे लिहिणाऱ्या माणसालाही हीच वगळणारी पॉलिसी विकली जाते आणि तीही व्हिसाला चालते, हा खरा मुद्दा आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, व्हिसासाठी चालणाऱ्या विम्याच्या प्रमाणपत्रावरच, पहिल्या पानावर, ग्राहकाच्या भाषेत, जुन्या आजाराला किती संरक्षण आहे ते लिहिलेले असावे. दोन, आजार लपवायला सांगणाऱ्या एजंटवर कंपनीने आणि नियामकाने कारवाई करावी. दंड फक्त रुग्णानेच भरू नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. अर्जात सगळे आजार लिहा. "शुगरमुळे भरती झाल्यास किती मिळेल?" हे कंपनीला लेखी विचारा. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. जर्मनीत जिवावरचे संकट असेल तर 112, पोलिसांसाठी 110, आणि दवाखाने बंद असताना साध्या आजारासाठी 116117, हे नंबर ज्येष्ठांच्या खिशात कागदावर लिहून द्या. दावा चुकीने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

अम्मी परत आल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "माझ्या गोळ्या तर पर्समध्ये वरच होत्या. मी कुणापासून लपवल्या नव्हत्या."