दिलसुखनगरचा प्रश्न वेगाचा नव्हे, डब्यांचा

हैदराबाद मेट्रोची मियापूर ते एल. बी. नगर ही २९ किलोमीटरची, २७ स्थानकांची लाल मार्गिका म्हणजे त्या शहराचा कणाच. एल. बी. नगरहून निघालेली गाडी व्हिक्टोरिया मेमोरियल आणि चैतन्यपुरी ही स्थानके घेऊन दिलसुखनगरला पोहोचते. मार्गिका जेमतेम सुरू झालेली असते, पण सकाळच्या वेळी गाडी भरत आलेली असते. शिकवणी वर्गांसाठी आणि बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या उपनगरातील विद्यार्थ्याला वा अमीरपेटला गाडी बदलून हायटेक सिटी गाठणाऱ्या नोकरदाराला गाडी किती वेगाने धावते यापेक्षा तीत पाय ठेवायला जागा आहे की नाही, ही चिंता अधिक.

या मार्गावरील गाड्यांचा कमाल वेग ताशी ७० किलोमीटरवरून ८० करण्यास सुरक्षा आयुक्तांनी काही वर्षांपूर्वी मान्यता दिली, तेव्हा तिचे बरेच कौतुक झाले. हिशेब मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. दोन स्थानकांतील सरासरी अंतर अकराशे मीटर. दर सेकंदाला सेकंदी एक मीटर या दराने गाडीचा वेग वाढतो आणि त्याच दराने कमी होतो असे धरले, तर ७० च्या वेगाने हे अंतर सुमारे ७६ सेकंदांत आणि ८० च्या वेगाने सुमारे ७२ सेकंदांत कापले जाते. म्हणजे टप्प्यामागे चार सेकंद, आणि सव्वीस टप्प्यांत मिळून दोन मिनिटांच्या आसपास. मेट्रोचा बराचसा वेळ वेग घेण्यात, तो मारण्यात आणि फलाटावर उभे राहण्यात जातो. दारात अडकलेल्या गर्दीमुळे गाडी पाच-सहा स्थानकांवर दहा-दहा सेकंद अधिक थांबली, की वेगवाढीची निम्मी कमाई तिथेच संपते.

क्षमतेचे गणित वेगळे आहे. तीन डब्यांच्या गाडीत साधारण हजार प्रवासी मावतात. दर तीन मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला वीस गाड्या, म्हणजे एका दिशेला वीस हजार प्रवासी. हा आकडा वाढवायचा तर गाड्यांमधील अंतर कमी करावे किंवा डबे वाढवावेत. फलाट सुरुवातीपासूनच सहा डब्यांच्या गाडीसाठी बांधलेले आहेत. जागा तयार आहे, डबे नाहीत.

ते का नाहीत याचे उत्तर रुळांवर नव्हे, ताळेबंदात आहे. खासगी भागीदारीतून उभारलेल्या या प्रकल्पात एल अँड टी कंपनी कर्जाखाली दबली. डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास मिळू लागला, तेव्हा मेट्रोचे प्रवासी त्याने घटल्याची तक्रार कंपनीने केली. मे २०२५ मध्ये किमान भाडे १० वरून १२ आणि कमाल ६० वरून ७५ रुपये झाले. ओरड झाल्यावर सवलत देऊन ते ११ आणि ६९ वर आणले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगणा सरकारने सुमारे १३ हजार कोटींच्या कर्जासह पहिला टप्पा ताब्यात घेण्याची तयारी दर्शवली. ज्या कंपनीला बाहेर पडायचे आहे ती नवे डबे कशाला घेईल?

खरी मेख पुढेच आहे. दुसऱ्या टप्प्यात हीच मार्गिका एका टोकाला हयातनगरपर्यंत सुमारे सात आणि दुसऱ्या टोकाला पाटणचेरूपर्यंत सुमारे तेरा किलोमीटर लांबवण्याचा प्रस्ताव आहे. २९ किलोमीटरचा मार्ग ४९ चा होईल. आहेत तेवढ्याच गाड्या त्यावर धावल्या, तर तीन मिनिटांचे अंतर पाच मिनिटांवर जाईल, आणि दिलसुखनगरला येणारी गाडी हयातनगरपासून भरून येईल. विस्ताराचा नारळ फोडताना राजकारण्यांना आनंद होतो, डब्यांची मागणी नोंदवताना होत नाही. डब्यांवर कोनशिला बसवता येत नाही हे त्याचे एक कारण असावे.

गोव्यातील वाचकाला वेगाचे महत्त्व इतके कमी लेखणे खटकेल, आणि ते स्वाभाविक आहे. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरची गाडी पुढच्या स्थानकात येईपर्यंत दुसरीला थांबावे लागते. तिथे दोन स्थानकांतील अंतर लवकर कापले गेले तर खरोखरच जास्त गाड्या बसतात, आणि पावसाळी वेळापत्रकात वेग उतरला की त्याची झळ मार्गाच्या क्षमतेलाही बसते. कॅसलरॉक ते कुळे घाटातील दुहेरीकरणाचा वन्यजीव परवाना मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही वाद क्षमता कोणासाठी वाढवायची, प्रवाशांसाठी की कोळशासाठी, हाच होता. मेट्रोचा मार्ग मुळातच दुहेरी आहे आणि त्यावर मालगाडी नाही. त्यामुळे दिलसुखनगरचे उत्तर तुलनेने सोपे आहे: मार्गिका लांबवण्याच्या करारातच वाढीव डब्यांची संख्या आणि ते येण्याची तारीख लिहून घेणे. हस्तांतराच्या वाटाघाटींत मात्र आजवर चर्चा झाली ती प्रामुख्याने कर्ज आणि भागभांडवल यांचीच.