‘म्हणून’ कोठे दडले आहे?

आमची भाची यंदा कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे ‘क्लॅट’ला बसणार आहे. २०२० पासून या परीक्षेत उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. परवा तिने वही माझ्यापुढे सरकवली. “मामा, यातला निष्कर्ष कोणता?”

उतारा असा : ‘आपल्या शाळेजवळ गतिरोधक बसवावेत. शेजारच्या गावाने ते बसवले आणि तेथील अपघात कमी झाले.’

मी ऐटीत शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. ती हसली. “शेवटचे वाक्य म्हणजे निष्कर्ष नव्हे! प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारायचे. ज्याचे उत्तर बाकीची वाक्ये देतात, तो निष्कर्ष. इथे तो पहिलाच आहे. दुसरे वाक्य म्हणजे दाखला. आणि दोन्ही गावांचे रस्ते सारखेच, हे न बोललेले गृहीत!”

वाचकहो, मला एकदम आपले न्यायशास्त्र आठवले. तेथेही आधी प्रतिज्ञा : डोंगरावर अग्नी आहे. मग हेतू : कारण धूर दिसतो. मग उदाहरण : जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. पुढे उपनय, आणि शेवटी निगमन, म्हणजे तीच प्रतिज्ञा, पण आता सिद्ध झालेली. मात्र हे उलटे फिरवता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. परीक्षक आजही नेमका याच ठिकाणी खड्डा खणून ठेवतात म्हणे!

एवढ्यात मेहुणे आत आले. वही पाहून म्हणाले, “आपल्या घराण्यात आजवर कोणी वकील झालेले नाही. तेव्हा हे तुझे काम नव्हे.”

भाची शांतपणे म्हणाली, “बाबा, कारण कळले, निष्कर्षही कळला. मधले गृहीत एवढेच ना, की घराण्यात जे झाले नाही ते पुढेही व्हायचे नाही? मग आपल्या घराण्यातले पहिले पदवीधर कोण?”

मेहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पहिले पदवीधर तेच! दिव्याच्या वातीवर शिकलेले.

ते काही न बोलता बाहेर गेले. आज सकाळी मात्र मला हळूच विचारीत होते, “परीक्षेचे केंद्र कोठे आहे हो? पोरीला एकटी कशी पाठवायची?”

या वाक्यातला निष्कर्ष मला न चुकता सापडला!