मालखान्यातली रायफल

4 नोव्हेंबरला नगर परिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या. त्यांची मतमोजणी 21 डिसेंबरला व्हायची होती, तोवर 15 डिसेंबरला महानगरपालिकांची घोषणा झाली आणि जालना महानगरपालिकेचे पहिलेवहिले मतदान 15 जानेवारीला पार पडले. एका आचारसंहितेला दुसरी जोडूनच आली. जालना जिल्ह्यातल्या आपल्या नेमबाज वाचकांची पत्रे याच अडीच महिन्यांतली आहेत आणि तक्रार एकच आहे : ठाण्यातून फोन येतो, "हत्यार जमा करा."

एका पालकाचे पत्र सगळ्यांनी वाचण्यासारखे आहे. मुलगा दहावीत, 10 मीटर एअर रायफल खेळतो. ठाण्यात बोलावणे आले म्हणून वडील रायफल घेऊनच गेले. नोंदवहीत रकाना होता 'परवाना क्रमांक'. वडील म्हणाले, याला परवाना लागत नाही. अंमलदार म्हणाले, परवाना नाही तर मग तुमच्याकडे आलीच कशी? तीन तास याच एका प्रश्नावर गेले. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना नाही. आपली मॅच रायफल जेमतेम 8 ज्यूलची. जिला परवानाच नाही, ती परवानाधारकांसाठी काढलेल्या आदेशात बसते कशी, हे विचारायला त्या ठाण्यात कोणी तयार नव्हते. शेवटी तो रकाना कोरा ठेवून रायफल जमा झाली. मुलाची स्पर्धा बुडाली.

.22 वाल्यांचे हाल याहून वाईट. रायफल मालखान्यात जाते म्हणजे कुठे जाते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा पाहावे. ट्रिगर गार्डला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, शेजारी जप्तीच्या तलवारी, वर पत्रा. डायॉप्टरला धक्का बसला की महिनाभराचे झिरोइंग गेले. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या पेटीत काडतुसांवरचे मेण मऊ होते. नळीला जुळणारा लॉट शोधायला आपण किती खटपट करतो, ते वेगळे सांगायला नको. तो लॉट असा वाया जातो. केंद्राने फेब्रुवारी 2020 मध्ये खेळाडूंची .22 ची वार्षिक मर्यादा 1000 वरून 5000 केली, ती सराव व्हावा म्हणून. अडीच-अडीच महिने रायफल आणि काडतुसे दोन्ही कुलपात ठेवायची असतील, तर ही 5000 झाडायची कधी?

2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्च ते 6 जून अशी होती आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली. या दोन्हींच्या मधल्या फटीत, 1 ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले. सगळ्या राज्याने त्याला डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. पण त्याच प्रकारात उतरू पाहणारा आपल्याकडचा मुलगा वर्षातले चार महिने रायफलीशिवाय बसला, तर दुसरा स्वप्नील येणार कुठून?

सरसकट जमा करा, असे कायदा सांगतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 सालीच अशा ढोबळ आदेशांना हरकत घेतली आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी बसायचे, प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी पाहायची आणि ज्याच्याकडून धोका वाटतो त्याचे शस्त्र घ्यायचे. बँकांचे सुरक्षारक्षक आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचे खेळाडू यांना सूट असते. हे कागद वरच्या कार्यालयांत आहेत. ठाण्यापर्यंत पोचते ती फक्त परवानाधारकांची यादी, तिच्यावर 'खेळाडू' असा शेराही नसतो. हा शेरा मारायला किती वेळ लागतो? एक दुपार पुरेल. वर्षानुवर्षे तेवढे होत नाही, हा निव्वळ आळस आहे.

आता आपल्या माणसांविषयी. सूट मागणाऱ्यांपैकी कितीजणांचे संघटनेचे ओळखपत्र चालू आहे? कितीजणांनी गेल्या दोन वर्षांत एक तरी स्पर्धा खेळली आहे? काडतुसे ज्या दिवशी झाडली त्याच दिवशी वहीत लिहिणारे किती? खेळाच्या नावावर परवाना घ्यायचा आणि वरातीत पिस्तूल कमरेला लावून मिरवायचे, अशी मंडळी आपल्यात आहेत. हर्षोल्हासात गोळी झाडणे हा 2019 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अशांची नावे आपण झाकतो आणि मग छाननी समितीने आपल्यावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करतो. हे बंद करा. असा सभासद संघटनेत ठेवू नका.

आणि जमा करायची वेळ आलीच, तर सुरक्षेत कसूर नको. आपल्या रायफलीचा ट्रिगर शे-सव्वाशे ग्रॅमवर बसवलेला असतो, समोरच्याच्या हाताला त्याची सवय नसते. ठाण्यात जाण्याआधी घरीच चेंबर पाहा. बोल्ट काढून वेगळा बांधा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घाला. पावतीवर बोल्ट, साइट, काडतुसांचा लॉट क्रमांक आणि नग स्वतंत्र लिहून घ्या. परत घेताना तिथेच, अंमलदारासमोर, नळीतून आरपार पाहा आणि मगच सही करा. घाईत पेटी उचलून आणलेल्या दोघांना साइटचा स्क्रू तुटलेला मिळाला आणि तक्रारीला जागा उरली नाही.

पुढच्या घोषणेची वाट पाहू नका. चालू ओळखपत्र, दोन वर्षांची स्पर्धा-प्रमाणपत्रे आणि काडतुसांच्या वहीची प्रत जोडून सूट मिळण्याचा अर्ज या महिन्यातच जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे द्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. तिची एक प्रत ठाण्यात द्या, एक रायफलीच्या पेटीत ठेवा. एअर रायफलवाल्यांनी खरेदीची पावती आणि ऊर्जा लिहिलेला कंपनीचा कागद सोबत ठेवावा. अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. तो भरा आणि पोचेची एक प्रत आमच्याकडे पाठवा. जालन्याच्या सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देणार आहोत.