'आठवत नाही' म्हणजे खोटे नव्हे



मधल्या सुट्टीत भांडण झाले की मुलांना ताबडतोब ऑफिसात बोलवावे आणि पालक-विश्वस्तांसमोर काय घडले ते विचारावे, अशी सूचना पालकसभेत आली आहे. हेतू चांगला आहे, पण माझा त्याला विरोध आहे.

अशा वेळी घाबरलेले मूल म्हणते, "आठवत नाही." नाहीतर, "तो नेहमीच मला त्रास देतो." आपण दटावतो, "नेहमीचं सोड, आजचं सांग!" मूल आणखी गप्प होते आणि आपण त्याला लबाड ठरवतो.

१९८६ साली ब्रिटनमधील मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट यांनी मनाने पार खचलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग विचारला. त्यांची उत्तरे 'नेहमी', 'कधीच नाही' अशा ढोबळ वळणाची जास्त आली. पुढे हे नैराश्यात आणि मोठ्या आघातानंतर ठळकपणे दिसले. नुसत्या काळजीबाबत निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत, हेही सांगायला हवे. परंतु ताणात शरीरात वाढणाऱ्या कॉर्टिसॉलबद्दल वेगळा पुरावा आहे. २००० सालच्या एका प्रयोगात आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी हे द्रव्य वाढवणारे औषध दिले, तर शब्द कमी आठवले. तेच औषध पाठ करण्याआधी दिले, तेव्हा फरक पडला नाही. २००४ साली तरुणांवर झालेल्या प्रयोगात आयुष्यातले नेमके प्रसंगही कमी आठवले. आठवण पुसली जात नाही, त्या घडीला हाती लागत नाही. तोंडी परीक्षेत हे आपल्यापैकी कितीतरी जणांनी भोगले आहे (विश्वस्तांनीही!).

कुणाला लागले असेल तर उपचार आणि घरी फोन लगेच व्हायलाच हवा. जबाब मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकतो. वर्गशिक्षकांनी मुलाला एकटे बसवून, पाणी देऊन विचारावे : कुठे उभा होतास? शेजारी कोण होतं? "त्यानेच ढकललं ना?" असे कुणीही विचारू नये. भ्यालेले मूल कशालाही 'हो' म्हणते, आणि मग त्या 'हो'वरून दुसऱ्याच मुलाला शिक्षा होते.

विद्यार्थी मित्रांनो, ऑफिसात आठवले नाही आणि रात्री घरी आठवले, तर सकाळी येऊन सांगा. 'काल वेगळं बोललास' असे तुम्हाला कुणी म्हणणार नाही.